ब्राउझर कोणाचं ऐकतो?

१९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण अभियंत्यापुढे एक अडचण होती. वेबसाइटला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे की वेगळा, हे तिला कळत नसे, त्यामुळे ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू पैसे भरेपर्यंत टोपलीत राहणंही कठीण होतं. प्रत्येक ब्राउझरला कायमचा ओळख क्रमांक देणं हा सोपा उपाय मॉन्टुलीने जाणूनबुजून टाळला. तसा क्रमांक असता तर सगळ्या वेबसाइटना मिळून एकाच माणसाची नोंद ठेवता आली असती. त्याऐवजी त्याने कुकी बनवली. वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते आणि ती चिठ्ठी फक्त ठेवणाऱ्या वेबसाइटलाच परत वाचता येते. पण एखाद्या पानावर दुसऱ्याच कंपनीची जाहिरात असेल, तर ती जाहिरातही आपली चिठ्ठी ठेवू शकते, हे जाहिरात कंपन्यांच्या लवकरच लक्षात आलं. एकाच कंपनीची जाहिरात हजार वेबसाइटवर असली की त्या हजारही ठिकाणी तिची तीच चिठ्ठी वाचली जाते. गावातल्या प्रत्येक दुकानात एकाच सावकाराचा माणूस वही उघडून बसावा, तशी ही व्यवस्था झाली.

हा धोका तेव्हा कोणाला दिसला नव्हता असं नाही. फेब्रुवारी १९९७मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या गटाने कुकींचे नियम प्रसिद्ध केले. अशा परक्या कुकी ब्राउझरने घेऊ नयेत, आणि त्या घेण्याची सोय द्यायचीच असेल तर ती मुळात बंद असावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी, म्हणजे नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोररने, हे कलम बाजूला ठेवलं. पुढच्या दोन दशकांत वेबवर पाळतीचा जो प्रचंड व्यवसाय उभा राहिला, त्याच्या पायाशी ब्राउझरमधलं हे एक सेटिंग आहे. नियम होता, कारण माहीत होतं, उपायही माहीत होता. पण सेटिंग ज्यांच्या हातात होतं त्यांना ते बदलायचं नव्हतं.

म्हणूनच खासगीपणा जपणारा ब्राउझर शोधताना कंपनी काय आश्वासन देते यापेक्षा तो ब्राउझर कोणाकोणाला बदलता येतो, हा प्रश्न मला आधीचा वाटतो. आश्वासनाचं वजन किती, हे क्रोमच्या ‘इनकॉग्निटो’ खिडकीच्या खटल्यात दिसलं. ही खिडकी उघडली की आपल्यावर कोणाची नजर नाही, असा अनेकांचा समज होता. गूगल मात्र त्या खिडकीतूनही माहिती जमवत होतं, असा दावा २०२० साली अमेरिकेत दाखल झाला आणि २०२४च्या तडजोडीत कंपनीने त्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. हवा तसा बदलता येणारा ब्राउझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंग, थीम, टॅबची मांडणी येते, आणि खासगीपणा हा त्याहून वेगळा, गंभीर विषय मानला जातो. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी एकच आहेत. ज्या ब्राउझरमध्ये वापरणाऱ्याला खोलवर हात घालता येत नाही, त्यातला खासगीपणा मालकाच्या मर्जीपुरताच असतो. हे तपासून पाहायला फायरफॉक्सइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण त्यात या विधानाचा पुरावाही आहे आणि त्याच्यावरचे आक्षेपही.

फायरफॉक्सचा जन्मच एका पराभवातून झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट दिला आणि नेटस्केपची बाजारपेठ झपाट्याने गेली. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जगासाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. पुढे नेटस्केप एओएलने विकत घेतली आणि जुलै २००३मध्ये तो विभाग जवळजवळ गुंडाळलाच. कोड बंद कपाटात असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो खुला होता, म्हणून मालक गेल्यावरही काम चालू राहिलं. त्याच महिन्यात मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती आली. तेव्हा दहापैकी नऊ लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते. फायरफॉक्सच्या स्वागताची दोन पानी जाहिरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापण्यासाठी सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी दिली. एका ब्राउझरसाठी एवढी माणसं खिशात हात घालतात, हे आज वाचताना नवल वाटतं.

आता त्या ब्राउझरच्या आत काय आहे ते पाहू. सप्टेंबर २०१९पासून फायरफॉक्स ओळखीच्या पाळतखोर कंपन्यांच्या कुकी आपणहून अडवू लागला, पण ही पद्धत यादीवर चालते आणि यादीत नाव नसलेला सुटतो. जून २०२२मध्ये सगळ्यांसाठी सुरू झालेली कुकींच्या संपूर्ण विभागणीची सोय अधिक मूलगामी आहे. त्यात कोण चांगला, कोण वाईट हे ठरवावंच लागत नाही. सावकाराचा माणूस प्रत्येक दुकानात बसू शकतो, पण दर दुकानात त्याला नवी कोरी वही मिळते आणि ती दुकानाबाहेर नेता येत नाही. कपड्यांच्या साइटवर ठेवलेली जाहिरात कंपनीची कुकी तिथेच राहते. बातमीच्या साइटवर तीच कंपनी आली तरी तिला ती दिसत नाही. याखेरीज ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ नावाचं एक मोफत एक्स्टेंशन आहे. कामाचे टॅब एका कप्प्यात, बँकेचे दुसऱ्यात, समाजमाध्यमांचे तिसऱ्यात, आणि एका कप्प्यातली लॉगिनची ओळख दुसऱ्या कप्प्यात पोचत नाही. मार्च २०१८मध्ये फेसबुकवरच्या माहितीच्या गैरवापराचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण गाजत असताना मोझिलाने फक्त फेसबुकसाठी असा तयार कप्पाच काढला होता.

त्याखाली आणखी एक थर आहे. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ असं रोमन लिपीत टाइप केलं की जपून वापरा अशी सूचना येते आणि ती ओलांडली की ब्राउझरच्या पोटातली हजारो सेटिंग्ज उघडतात. नेहमीच्या सेटिंग्जच्या पानावर जे कधीच दिसत नाही, त्यातलं पुष्कळ काही इथे बदलता येतं: कोणती माहिती मोझिलाला पाठवायची, मागच्या पानाचा पत्ता पुढच्या साइटला कितपत सांगायचा, कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या जोडणीची यंत्रणा ठेवायची की मुळापासून काढायची. ‘यूजरक्रोम’ नावाची एक साधी मजकुराची फाइल लिहून ब्राउझरचं दर्शनी रूपही बदलता येतं, मग कोणाला टॅब उभे हवे असोत की टॅबची पट्टीच नको असो. यातली बरीचशी सोय थोड्या लोकांच्या उपयोगाची आहे, हे मान्य. पण दार बंद नाही, ही गोष्ट त्या थोड्या लोकांपुरती राहत नाही, ती कशी ते पुढे येईल.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो. कोड खुला असणं हाच निकष असेल तर क्रोमचा पायाही खुला आहे. क्रोमियम कोणालाही उतरवून घेता येतो, बदलता येतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर एक्स्टेंशनच्या नियमांत झालेल्या बदलात मिळतं. जाहिराती आणि पाळत अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे रेमंड हिल यांनी घडवलेलं एक्स्टेंशन जुन्या पद्धतीने चालतं. पान उघडताना ब्राउझर जी प्रत्येक विनंती बाहेर पाठवणार असतो, ती आधी एक्स्टेंशनला दिसते आणि जाऊ द्यायची की नाही हे एक्स्टेंशन ठरवतं. गूगलने ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ या नव्या नियमावलीत हा अधिकार काढून घेतला. एक्स्टेंशनने नियमांची यादी आधी देऊन ठेवायची, निर्णय ब्राउझर घेणार. जून २०२४पासून क्रोममध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद होऊ लागली आणि २०२५च्या मध्यापर्यंत मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथून गेलं. राहिली ती त्याची कमी ताकदीची आवृत्ती. गूगलने सुरक्षिततेचं आणि वेगाचं कारण दिलं. ते निव्वळ निमित्त आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक विनंती पाहू शकणारं एक्स्टेंशन लबाड हातांत गेलं तर नुकसान मोठं होतं. पण २०२३ साली गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जाहिरातींतून आला होता, आणि जाहिराती अडवण्याची ताकद किती असावी हे तीच कंपनी ठरवत होती. क्रोमियमवर उभे असलेले इतर ब्राउझर जुनी सोय काही काळ टिकवू शकतात, पण मूळ कोडमधून ती काढल्यावर दर महिन्याच्या बदलांबरोबर ती हाताने परत जोडत बसणं छोट्या संस्थेला झेपत नाही. म्हणजे कोड वाचायला खुला असला तरी दिशा देण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असू शकतो. फायरफॉक्सने नवी नियमावली स्वीकारली, पण विनंती अडवण्याचा एक्स्टेंशनचा जुना अधिकार कायम ठेवला. स्वतःचं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा गाभा, असल्यामुळेच त्याला हे करता आलं.

फायरफॉक्सनेही एकदा आपल्या वापरकर्त्यांच्या हातातलं बरंच काढून घेतलं होतं, हे इथे विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘क्वांटम’ या नावाने आलेल्या ५७व्या आवृत्तीत जुनी सगळी ॲड-ऑन्स एका दिवसात निकामी झाली. ती ब्राउझरच्या कोणत्याही भागात हात घालू शकत, आणि त्यामुळेच ब्राउझरचं काम अनेक सुरक्षित कप्प्यांत विभागणं अशक्य झालं होतं. तांत्रिक कारण पटण्यासारखं होतं, तरी वर्षानुवर्षं जोपासलेली ॲड-ऑन्स गेलेल्या लोकांचा राग अनाठायी नव्हता. तो तोटा कधी पूर्ण भरून आला नाही. फरक एवढाच, की त्या निर्णयाने मोझिलाच्या तिजोरीत जाहिरातीचा एक डॉलरही वाढणार नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मुद्द्याच्या मुळावरच येतो. ब्राउझर जितका स्वतःच्या आवडीने बदलावा, तितका तो गर्दीत उठून दिसतो. कुकी न ठेवताही खिडकीचा आकार, बसवलेले फॉन्ट, वेळेचा विभाग, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढण्याची बारीक लकब, अशा गोष्टी जोडून वेबसाइटला ब्राउझरचा ठसा घेता येतो. २०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्स्ली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतल्या ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी २० लाखांवर ठसे तपासले, त्यात हे प्रमाण ३३.६ टक्के आलं. खूप कमी, पण तरी तिघांत एक. मग हौसेने बदल करणारा माणूस खासगीपणा वाढवतो की घालवतो?

उत्तरासाठी बदलांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. टॅब उभे लावले, मेन्यूचा रंग बदलला, कंटेनर वापरले, तर त्यातलं वेबसाइटला सहसा काही कळत नाही. जाहिराती अडवल्याचं तिला ओळखता येतं, पण ज्या कंपन्या अडवल्या गेल्या त्यांना ठसा घ्यायची संधीच मिळत नाही. खरा धोका आहे तो दुर्मीळ फॉन्ट, विचित्र आकाराची खिडकी आणि एकमेकांशी न जुळणारी सेटिंग्ज यांत. आणि या धोक्यावरचा सर्वांत कडक इलाजही बदलता येण्यातूनच आला आहे. टॉर ब्राउझर म्हणजे फायरफॉक्सचाच खोलवर बदललेला अवतार. तो प्रत्येकाची वेळ एकाच विभागाची दाखवतो, खिडकीभोवती करडी पट्टी ठेवून तिचा आकार ठरावीक मापांत बसवतो, आणि जास्तीची एक्स्टेंशनं घालू नका असं वापरणाऱ्यांना बजावतो, कारण तिथे सगळ्यांनी सारखं दिसणं हेच संरक्षण आहे. २०१६पासून टॉर आणि मोझिला यांनी मिळून हे बदल मूळ फायरफॉक्समध्ये परत आणायला सुरुवात केली. ठशांना विरोध करणारं सेटिंग आणि खिडकीभोवतीची पट्टी अशीच आली. प्रत्येक साइटची माहिती वेगळी कोंडण्याची कल्पना टॉरमध्ये आधी वापरात होती. २०२२च्या कुकी-विभागणीचा आराखडा त्याच वाटेवरचा आहे. एप्रिल २०२३मध्ये आलेला मुलवाड ब्राउझरही टॉर प्रकल्पानेच घडवला, तोही याच कोडवर. सारखं दिसण्याचं संरक्षण हवं त्याला ते मिळतं, कारण कोणाला तरी ब्राउझर आमूलाग्र वेगळा करता आला.

सर्वसामान्य माणूस सेटिंग्जना हात लावत नाही, मग याचा त्याला काय उपयोग, या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवणं ही आज इतकी गृहीत धरलेली गोष्ट आहे की तिचा कोणी विचारही करत नाही. २००२च्या सुमारास मात्र ती ऑपेरा आणि मोझिलाच्या जाणत्या वापरकर्त्यांपुरती होती आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती २००४ साली आली. पाळत अडवणं आधी एक्स्टेंशनमध्ये आलं, मग खासगी खिडकीत, मग सगळ्यांसाठी. आज जे मूठभर लोक वेळ घालवून जमवतात, त्यातलं काही दहा वर्षांनी कोट्यवधींना न मागता मिळतं. यूब्लॉक ओरिजिन ज्या याद्यांवर चालतं त्या याद्याही मुख्यतः स्वयंसेवकच जपतात. मुळातली सेटिंग्ज चांगली असावीत हे खरंच, पण ती चांगली कशी होतात याचा विचार केला तर आधी कोणीतरी ती वाकवून पाहिलेली असते.

आता पैशाचा प्रश्न. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा गूगलकडून येतो. फायरफॉक्समध्ये मुळात गूगलचा शोध ठेवल्याबद्दल ही रक्कम मिळते. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, तेव्हा या पैशांवर गदा येण्याची शक्यता निर्माण झाली आणि मे २०२५मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी कोर्टात सांगितलं की हे उत्पन्न गेलं तर फायरफॉक्सचं अस्तित्वच धोक्यात येईल. सप्टेंबर २०२५च्या आदेशात असे पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही, म्हणून ते संकट तूर्त टळलं. या अवलंबनाचा दबाव वागण्यातही दिसतो. जुलै २०२४मध्ये जाहिरातदारांना परिणाम मोजता यावा म्हणून मोझिलाने एक सोय न विचारता सुरू ठेवली. ती खासगीपणा राखून मोजते असं मोझिलाचं म्हणणं होतं, तरी युरोपातल्या ‘नॉयब’ या संस्थेने तिच्याविरुद्ध तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘तुमची माहिती कधीच विकणार नाही’ हे ठाम वाक्य मोझिलाच्या पानावरून गेलं. काही ठिकाणच्या कायद्यांत विक्रीची व्याख्या फार रुंद आहे, असा खुलासा आला. मला तो खुलासा तांत्रिकदृष्ट्या समजतो, पण ज्या संस्थेचं भांडवलच विश्वास आहे तिने ते वाक्य असं काढायला नको होतं.

तरीही याच प्रसंगात खुल्या कोडचा अर्थ उघड होतो. न विचारता सुरू केलेली ती सोय लोकांना दिसली, तिच्यावर वाद झाला, ती बंद कशी करायची हे लगेच सगळीकडे पोचलं. ज्यांचा मोझिलावरचा विश्वास उडाला त्यांच्यासाठी लिब्रवुल्फ हजर होता. तो फायरफॉक्सचाच, पण मोझिलाकडे माहिती पाठवणारी यंत्रणा काढलेला, यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवलेला आणि ठशांना विरोध मुळात सुरू ठेवलेला ब्राउझर आहे. आपली जुनी एक्स्टेंशनं, सवयी, बुकमार्क घेऊन तिकडे जाता येतं. अर्थात इथे हुरळून जायचं कारण नाही. लिब्रवुल्फसारखे प्रकल्प थोडे स्वयंसेवक चालवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी ते मोझिलाच्या पगारी अभियंत्यांवरच विसंबून असतात. मोझिला बुडाली तर गेको हे इंजिन सांभाळणं त्यांच्या आवाक्यात नाही. कोड कोणी वाचतच नाही, या नेहमीच्या शेऱ्यापेक्षा ही अडचण मला कितीतरी गंभीर वाटते. वाचणारे पुरेसे आहेत. लाखो ओळींचं इंजिन वर्षानुवर्षं चालतं ठेवणारे कमी आहेत.

आज जगात मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली इंजिनं तीनच उरली आहेत: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ऑपेराने २०१३ साली स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०१८च्या अखेरीस तसा निर्णय जाहीर केला, आणि दोघंही क्रोमियमवर गेले. फायरफॉक्सचा वाटा जगभरात आता दोन-तीन टक्क्यांवर आला आहे. भारत सरकारने २०२३ साली स्वदेशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली, आणि २०२५मध्ये तिचं पहिलं पारितोषिक चेन्नईच्या झोहो कंपनीच्या ‘उला’ला मिळालं. उलामध्ये खासगीपणाच्या सोयी आहेत आणि असा प्रयत्न भारतात होतो आहे हे चांगलंच आहे, पण तोही क्रोमियमवरच उभा आहे. म्हणजे मॅनिफेस्ट व्ही ३सारखा निर्णय उद्या पुन्हा झाला तर त्याचा भार चेन्नईतही तसाच उचलावा लागेल. फायरफॉक्सचं मराठी रूप मात्र गेली कित्येक वर्षं मराठी स्वयंसेवकांच्या अनुवादावर चालत आलं आहे. मेन्यूतला एखादा शब्द खटकला तर तो बदलायची सूचना कोणीही करू शकतो.

आपल्याकडे बहुसंख्य लोकांचं इंटरनेट फोनवरच आहे, आणि या सगळ्याची कसोटी तिथे लागते. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन घालता येत नाही. त्याच फोनवर फायरफॉक्स घेतला तर डिसेंबर २०२३पासून शेकडो एक्स्टेंशनं खुली झाली आहेत आणि पूर्ण ताकदीचं यूब्लॉक ओरिजिन दोन मिनिटांत बसतं. मर्यादित डेटावर आणि स्वस्त फोनवर जाहिरातींचा बोजा उतरला की पानंही हलकी होतात. आयफोनवर हे जमत नाही. तिथे फायरफॉक्सच्या चिन्हामागेही ॲपलचंच वेबकिट चालतं, कारण दुसऱ्याचं इंजिन ॲपलच्या नियमांत बसत नाही. मार्च २०२४मध्ये युरोपीय संघाच्या कायद्यामुळे ॲपलला आपल्या फोनवर इतर इंजिनांना वाट द्यावी लागली, पण ती त्या संघातल्या वापरकर्त्यांपुरतीच होती. मुंबई-पुण्यातल्या आयफोनवर फायरफॉक्स आजही दुसऱ्याच्या इंजिनावर चालतो आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन घालता येत नाही.